जुने मणी : आधी वेज बघा, मग वय विचारा

जुन्या मण्यांविषयी मराठवाड्यातून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. जवळपास प्रत्येक पत्रात ‘किती जुना असेल?’ हा प्रश्न आहेच. उत्तरं देताना आम्ही आधी मणी कशाचा आणि कसा केलेला, हे बघायला सांगितलं आहे. ते कळल्याशिवाय कुणी वय सांगत असेल, तर त्यावर पैसे लावू नका.

प्रश्न : घरातल्या जुन्या पेटीत वाटीभर सुटे मणी निघाले. लाल, निळे, काळे, काही पांढरे. काच कुठली, दगड कुठला हेच कळत नाही. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, जालना)

साधनं थोडीच लागतात. सोनाराकडे असतं तसं दहापट भिंग, ०.१ मिलिमीटर दाखवणारा व्हर्नियर, छोटा टॉर्च आणि ०.०१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. पुढे जमलं तर ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च घ्या. बाजारात ३९५चे स्वस्त टॉर्च मिळतात. ते स्वतःच इतका जांभळा प्रकाश टाकतात की मण्याची चमक नीट दिसत नाही.

मणी पांढऱ्या सुती कापडावर पसरा आणि आधी रंग विसरा. रंगानुसार गट लावणं हीच सगळ्यांची पहिली चूक असते. लाल काच, लाल अकीक, पोवळं आणि लाख असे चार मणी मग एकाच वाटीत जातात. प्रत्येक मणी भिंगाखाली धरून पाठीमागून प्रकाश द्या. आत बुडबुडे दिसले तर काच. ढगासारखे थर किंवा पट्टे दिसले आणि बुडबुडा एकही नाही, तर बहुधा अकीक. शंखाच्या मण्यावर वाढीच्या समांतर रेषा असतात, पोवळ्यावर बारीक उभ्या रेघा असतात आणि हाडात काळपट सूक्ष्म छिद्रं दिसतात. एकमेकांना छेदणाऱ्या जाळीदार रेषा असतील तर हस्तिदंताची शक्यता आहे. तो मणी बाजूला ठेवा, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याने हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे.

वजनाने काच आणि अकीक वेगळे करायला जाऊ नका. साध्या काचेची घनता २.५च्या आसपास, अकीकाची २.६. छोट्या मण्यात हा फरक हाती लागत नाही. सुईने ओरखडून बघायचा सल्ला सर्रास दिला जातो, तोही टाळा. अकीक काचेपेक्षा कठीण असतो हे खरं, पण ओरखडा कायमचा राहतो आणि मण्याची किंमत तिथेच उतरते.

काचेचा गट निघाला की खरं काम सुरू होतं. वेज, म्हणजे ओवायचं भोक, आणि त्याच्या भोवतीचे बुडबुडे बघा. बुडबुडे लांबट आणि वेजाला समांतर असतील तर मणी ओढीव. वितळलेल्या काचेची पोकळ नळी ओढायची, ती थंड झाली की तुकडे पाडायचे आणि पुन्हा तापवून त्यांच्या कडा गोल करायच्या, अशी ही रीत. आंध्र प्रदेशातल्या पापनायडूपेटला ती परंपरेने चालत आली. दक्षिण भारतातून आग्नेय आशिया आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत गेलेले ६ मिलिमीटरच्या आतले बारीक मणी याच रीतीचे. बुडबुडे गोल असतील किंवा वेजाभोवती वळसा घेत असतील, तर मणी सळईवर काच गुंडाळून केलेला. मण्याच्या पोटावरून सांध्याची रेघ गेलेली असेल आणि वेज एका तोंडाशी रुंद, दुसऱ्याशी अरुंद असेल, तर तो साच्यात दाबलेला. असे मणी बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, यब्लोनेत्सच्या परिसरात मोठ्या प्रमाणात झाले.

एक फसवा प्रकार लक्षात ठेवा. पोटावर रुंद पट्टा, एक टोक गुळगुळीत, दुसरं खरबरीत आणि आत एकही बुडबुडा नाही, असा मणी काचेचा नसून चिनीमातीसारख्या भुकटीचा दाबून भाजलेला असतो. १८४० साली इंग्लंडमध्ये रिचर्ड प्रॉसरने बटणांसाठी या रीतीचं पेटंट घेतलं. त्यामुळे असा मणी त्याआधीचा असूच शकत नाही. विक्रेता ‘मोगलकालीन’ म्हणत असेल तर हे एवढं साल पुरेसं आहे.

प्रश्न : एका विक्रेत्याकडे लाल अकीकाची माळ आहे. ‘तेरची, सातवाहन काळातली, दोन हजार वर्षं जुनी’ असं तो सांगतो. खात्री कशी करावी? (वाचक, लातूर)

सांगणं अशक्य वाटत नाही, आणि म्हणूनच ते खपतं. तेर म्हणजे जुनं तगर, पैठण म्हणजे प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर सांगितलं आहे. पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड आणि तगरहून कापड गाड्यांवर लादून भडोचला जाई, असंही त्यात आहे. आपल्या काळ्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत हा दगड तयार होतो. त्यामुळे तेर, पैठण आणि भोकरदनच्या उत्खननांत मणी मिळाले यात नवल नाही.

पण गुजरातेत खंभातला अकीकाचे मणी आजही होतात, आणि दगड तोच, आकारही तेच. पिवळट दगड उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून भुसा किंवा शेणीच्या मंद आचेत भाजतात. त्यातल्या लोहाचं रूप बदलतं आणि दगड लाल होतो. आच भरभर वाढली तर आतलं पाणी वाट न मिळाल्याने दगड फोडतं. नंतर लोखंडी टोकदार गजावर दगड टेकवून शिंगाच्या हातोडीने छिलके काढत आकार देतात. वेज पाडायच्या सळीच्या टोकाला हिऱ्याचे दोन बारीक कण बसवलेले असतात. म्हणून ‘लाल रंग’, ‘हाताने केलेला’ आणि ‘हिऱ्याने भोक पाडलेलं’ या तीनपैकी एकही गोष्ट वय सिद्ध करत नाही.

बघायचं ते असं. मणी उभा धरून वेजात टॉर्च मारा. जुनं वेज दोन्ही बाजूंनी पाडत असत आणि मध्यावर दोन्ही भोकं नेमकी जुळत नसत, तिथे लहानशी पायरी दिसते. मात्र आजचे कारागीरही पुष्कळदा दोन्हीकडून भोक पाडतात, तेव्हा पायरी हा एकटा पुरावा धरू नका. वेजाच्या तोंडाशी झीज बघा. वर्षानुवर्षं गळ्यात घातलेल्या मण्याचं तोंड दोऱ्याच्या ओढीने एका बाजूला लांबट होतं आणि शेजारच्या मण्यावर घासून टोकाला चपटा, चकचकीत भाग तयार होतो. ही झीज उंचवट्यावर असते, खाचेत नसते. वाळूबरोबर ढोलात फिरवून ‘जुने’ केलेल्या मण्याच्या सगळ्या कडा सारख्याच बोथट होतात, अगदी खाचाखळगेसुद्धा. आम्लात बुडवलेला मणी सर्वांगाने एकसारखा मंद दिसतो.

वेजातली माती हा दुसरा सापळा. कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून मणी पाच मिनिटं ठेवा. सगळ्या मण्यांतली माती एकाच रंगाची असेल आणि चिकट होऊन सुटत असेल, तर ती डिंकाने बसवलेली आहे. पृष्ठभागावर तपकिरी छटा असेल तर स्पिरिटचा बोळा फिरवून बघा. बूटपॉलिश लगेच कापसावर येतं.

माळेतले सगळे मणी एका मापाचे असतील तर शंका वाढवा. आफ्रिकेतल्या व्यापारासाठी जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनमध्ये एकोणिसाव्या शतकात ब्राझीलचा अकीक आणून, रंगवून, घासून अगदी एकसारखे मणी केले गेले. आज ते ‘खंभातचे’ म्हणून विकले जातात. रंगवलेल्या दगडात रंग भेगांत जास्त साचलेला दिसतो.

पांढऱ्या नक्षीचे लाल मणी, ज्यांना कोरीव अकीक म्हणतात, ते प्रत्यक्षात कोरलेले नसतात. क्षाराच्या लेपाने नक्षी काढून दगड तापवतात, तेव्हा रेघ पांढरी होऊन पृष्ठभागात मुरते. भारतातल्या अशा मण्यांचा मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात कसून अभ्यास केला. नकलीवर ही नक्षी रंगाने काढलेली असते. भिंगाखाली रंगाची कड दगडाच्या पृष्ठभागापेक्षा किंचित उंच दिसते आणि झिजलेल्या जागी तुकड्याने उडालेली असते.

आणि या सगळ्या कसोट्यांत माळ उतरली, तर प्रश्न आणखी गंभीर होतो. खरोखरच तेरच्या मातीतला मणी असेल तर तो त्या विक्रेत्याकडे आला कसा? पुढचं उत्तर वाचा आणि ती माळ घेऊ नका.

प्रश्न : आमच्या गावाजवळ पांढरीचं टेकाड आहे. पहिल्या पावसानंतर मुलं तिथून रंगीत मणी वेचून आणतात. ते जमवले तर चालतील का? (शिक्षिका, धाराशिव जिल्हा)

पांढर म्हणजे शेकडो वर्षांच्या वस्तीची राख, शेण, भिंतींची माती. ही माती शेतात खत म्हणून नेण्याची जुनी पद्धत आहे आणि पावसाने वरचा थर धुपला की मणी, खापरं, बांगड्यांचे तुकडे उघडे पडतात. संरक्षित घोषित झालेल्या जागेवरून काहीही उचलणं किंवा तिथे खणणं गुन्हा आहे. इतर जागीही १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही आणि अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. घरात वारशाने आलेले मणी ठेवण्यावर मात्र बंदी नाही.

मुलांना रागावू नका. वहीत तारीख, टेकाडाची कुठली बाजू, ओढ्यापासून किती पावलं, हे लिहून घ्या, फोनने जागेचा फोटो काढा आणि मणी त्याच जागेच्या नावाने पाकिटात घालून राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा तेरच्या शासकीय संग्रहालयाला कळवा. खापराशेजारी मिळालेला साधा लाल मणी पुरातत्त्वज्ञाला खूप सांगतो. तोच बरणीत इतर मण्यांत मिसळला की कायमचा मुका होतो. शाळेत मातीतले मणी जमवण्याची स्पर्धा तर कधीच लावू नका.

प्रश्न : ‘आफ्रिकन ट्रेड बीड्स’ म्हणून एक माळ मागवली. बाहेरून लाल, आत पांढरे मणी आहेत, आणि मध्ये तारा दिसणारा एक निळा मोठा मणी. हे आफ्रिकेत बनले का? (वाचक, नांदेड)

बहुतेक नाही. आफ्रिकेत ते वापरले गेले, बनले व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर. आगीच्या भीतीने १२९१ साली व्हेनिसच्या काचभट्ट्या या बेटावर हलवल्या गेल्या आणि पुढे शतकानुशतकं तिथले मणी जहाजांनी जगभर गेले. हस्तिदंत, सोनं, पामतेल आणि गुलाम केलेली माणसं यांच्या बदल्यातही ते दिले गेले. या मण्यांच्या देखणेपणाबरोबर हा इतिहासही संग्राहकाने नोंदवला पाहिजे.

ताऱ्याच्या मण्याला शेव्हरॉन म्हणतात. वेगवेगळ्या रंगांचे थर ताऱ्याच्या साच्यातून घालत जाड नळी ओढतात, कापतात आणि टोकं घासून तारा उघडा करतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ही रीत निघाली आणि ती मारिएत्ता बारोव्हिएर या काचकारागीर स्त्रीच्या नावाशी जोडली जाते. भिंगाखाली थर मोजा. सुरुवातीच्या मण्यांत सहा-सात थर आणि बारा टोकांचा तारा असतो. एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्यांत बहुधा चार थर. तुमच्या मण्यात थरांच्या कडा धूसर असतील, रंग एकमेकांत उतरले असतील आणि वेज मोठं, स्वच्छ असेल, तर तो अलीकडचा आहे. भारतात आणि चीनमध्ये याच्या नकला आजही होतात. भट्टीत भाजायच्या प्लास्टिकच्या मातीचेही शेव्हरॉन विकले जातात. ते हाताला हलके आणि कोमट लागतात.

लाल-पांढऱ्याला ‘व्हाइट हार्ट’ म्हणतात. लाल काच महाग, म्हणून आत पांढरा गाभा आणि वर लालाचा पातळ थर. १८३०च्या सुमारापासून हे मणी भरपूर दिसतात. त्याआधीच्या मण्यात आतला गाभा पारदर्शक हिरवट असतो आणि बाहेरचा लाल विटेसारखा, अपारदर्शक. वेजातून प्रकाश टाकला की हे लगेच कळतं. व्हाइट हार्टमध्येही जुना लाल सोन्याच्या अंशाने आलेला, खोल आणि किंचित गुलाबीकडे झुकणारा असतो. नंतरचा सेलेनियमचा लाल केशरीकडे जातो आणि जास्त भडक असतो. दोन्ही शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली हा फरक फसवतो.

खरोखर आफ्रिकेत बनलेले मणी वेगळे असतात. घानातले क्रोबो लोक बाटल्यांच्या काचेची भुकटी मातीच्या साच्यात भरतात, मध्ये कसाव्याचा देठ उभा करतात आणि भाजतात. देठ जळून जातो, वेज उरतं. अशा मण्याचा पृष्ठभाग दाणेदार, किंचित खरबरीत असतो. तुमच्या माळेत असे दोन-चार सापडले तर आश्चर्य नाही, कारण या माळा विकण्यासाठी तिथे नव्याने ओवल्या जातात आणि त्यांत दोनशे वर्षांचे आणि दोन वर्षांचे मणी शेजारी बसतात. माळेला एकच वय देऊ नका. प्रत्येक मण्याची वेगळी नोंद करा.

प्रश्न : मोठे पिवळे मणी ‘अस्सल तृणमणी’ (अंबर, म्हणजे झाडाची दगडासारखी झालेली जुनी राळ) म्हणून मिळाले आहेत. तापलेली सुई टोचून बघायला एकाने सांगितलं. योग्य आहे का? (वाचक, परभणी)

सुई टोचू नका. खारं पाणी हा सोपा आणि निरुपद्रवी मार्ग आहे. २०० मिली पाण्यात ५० ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण आठ सपाट चहाचे चमचे, पूर्ण विरघळवा. दोरा आणि धातूच्या कड्या काढून एक मणी सोडा आणि त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे काडीने उडवा. हेच लोक विसरतात आणि बुडणारा मणी तरंगताना दिसतो. तृणमणी तरंगतो. बेकलाइटच्या जातीचं प्लास्टिक बुडतं. ‘आफ्रिकन अंबर’ म्हणून विकले जाणारे बहुतेक मोठे पिवळे मणी याच प्लास्टिकचे असतात. लिओ बेकलंडने ते १९०७ साली शोधलं, त्यामुळे त्यांना प्राचीन म्हणता येत नाही, पण जुने बेकलाइट मणी संग्राहक आवडीने घेतात.

तरंगला म्हणजे तृणमणीच, असंही नाही. कोवळी राळ म्हणजे कोपल, आणि पॉलिस्टायरीनसारखी काही प्लास्टिकंही तरंगतात. वेजाच्या आतल्या कडेवर ॲसिटोनचा एक थेंब लावा आणि अर्ध्या मिनिटाने बोटाने बघा. जागा चिकट झाली तर कोपल किंवा प्लास्टिक. तपासणी झाली की मणी साध्या पाण्यात धुऊन पुसा, मीठ वेजात राहू देऊ नका.

प्रश्न : आजीच्या मंगळसूत्रातले काळे मणी किती जुने असतील? (वाचक, बीड)

सुट्या काळ्या मण्याचं वय सहसा सांगता येत नाही. तरी एक बघा. मोबाइलच्या टॉर्चवर मणी थेट टेकवा. ‘काळी’ काच बहुतेक वेळा खरी काळी नसते. मँगनीजची असेल तर कडेने गर्द जांभळी, लोहाची असेल तर हिरवी किंवा तपकिरी दिसते. एकाच पोतीत दोन-तीन छटा निघाल्या तर ती वेगवेगळ्या वेळी ओवली गेली आहे. दोरा तुटला की पटवेकरी नवे मणी भरत, त्याचा हा माग आहे. सोन्याच्या वाट्यांची घडण आणि आजीच्या लग्नाचं साल हे मण्यापेक्षा जास्त सांगतील. तेच लिहून ठेवा.

प्रश्न : काही जुने निळे मणी पावसाळ्यात चिकट होतात. म्हणून बोअरच्या पाण्यात लिंबू पिळून धुतले, तर आता वरून पांढरट दिसतात. काय बिघडलं? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पांढरेपणा बहुधा पाण्याचा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात चुना भरपूर असतो आणि पाणी वाळलं की तो मण्यावर आणि वेजात बसतो. लिंबू, चिंच, पितांबरी, व्हिनेगर यातलं काहीही जुन्या काचेला लावू नका. आम्ल काचेतले क्षार ओढून घेतं आणि पृष्ठभाग कायमचा मंद होतो. पोवळं, शंख आणि मोती तर आम्लात विरघळतात.

चिकटपणा जास्त काळजीचा आहे. काही काचांत सोडा किंवा पोटॅश जास्त आणि चुना कमी पडलेला असतो. अशी काच हवेतली ओल शोषते, आतला क्षार पृष्ठभागावर येतो आणि मणी घामेजल्यासारखा होतो. पुढे बारीक भेगांची जाळी पडते आणि थर सुटू लागतो. हा आजार बरा होत नाही, थांबवता येतो. पीएच कागदाची ओली पट्टी मण्याला लावा. ती निळी झाली तर निदान पक्कं.

असे मणी लगेच बाकीच्यांपासून वेगळे करा आणि दोऱ्यातून सोडवा. क्षाराने सुती दोरा तपकिरी पडून कुजतो. शुद्ध केलेलं पाणी वापरा. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर चालतं, पण बाटलीवरचं लेबल नीट वाचा, शेजारीच बॅटरीचं आम्लही विकायला असतं. मऊ कुंचल्याने एकेक मणी काही सेकंदांत धुवा, भिजत ठेवू नका, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पाणी टिपा आणि सावलीत सुती कापडावर पूर्ण दिवस ठेवा. उन्हात नको, हेअर ड्रायरही नको. भेगाळलेली काच गरम हवेने फुटते. अल्ट्रासॉनिक यंत्रात जुना मणी कधीच घालू नका.

डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि आजारी काचेसाठी आकडा ४० टक्क्यांच्या जवळ धरा. जुलै ते सप्टेंबरमध्ये सिलिका जेलची पुडी लागेल. एप्रिल-मेमध्ये आपली हवा आधीच कोरडी असते, तेव्हा ती काढून घ्या, कारण फार कोरड्या हवेनेही भेगाळलेल्या काचेचे पापुद्रे उडतात. पत्र्याखालची खोली आणि पश्चिमेची भिंत टाळा. तृणमणी आणि सेल्युलॉइड (जुन्या काळचं एक प्लास्टिक) यांना तर ती उष्णता मुळीच सोसत नाही. सेल्युलॉइड पेटतंही, म्हणून ते वेगळ्या, हवा खेळत्या डब्यात असू द्या. शंखाच्या मण्यांवर पांढरी भुकटी येऊ लागली तर कपाट बदला. प्लायवूड आणि एमडीएफमधून निघणाऱ्या आम्ल वाफा शंखाला खातात. डांबराच्या गोळ्याही मण्यांच्या कप्प्यात नकोत.

प्रश्न : तांड्यावरच्या एका आजीने जुनी लंबाणी माळ विकत दिली. दोरा जीर्ण आहे. नवा ओवू का? (वाचक, हिंगोली)

शक्यतो नको. काचमणी, कवड्या, गोंडे, नाणी यांचा क्रम आणि गाठींची पद्धत हीच त्या माळेची ओळख आहे. सपाट ट्रेमध्ये आडवी ठेवा, टांगू नका. दोन्ही बाजूंनी मोजपट्टीसह फोटो काढा. ओवायची वेळच आली तर मूळ दोरा आणि गाठी पाकिटात जपून ठेवा आणि क्रम एका मण्यानेही बदलू नका. ०.३ ते ०.५ मिलिमीटरचा विणलेला नायलॉन दोरा चालतो. अकीक असेल तर प्रत्येक मण्यानंतर गाठ द्या, त्याच्या वेजाची धारदार कड दोरा कापते.

नाण्यांवरचं साल वाचा. पंचम जॉर्जचा रुपया असेल तर माळ, निदान आजच्या रूपात, १९११च्या आधीची नाही. मण्यांबद्दल कुणी काहीही सांगो, हा पुरावा ठाम आहे. त्या आजींचं म्हणणं, माळ कुणाच्या लग्नातली, कधी घालत, हेही त्यांच्या परवानगीने लिहून घ्या. त्यांना रास्त किंमत मिळाली आहे ना, हेही बघा. गरजेपोटी विकलेली वस्तू स्वस्तात मिळाल्याचा आनंद संग्राहकाला शोभत नाही.

प्रश्न : नोंदवहीत नेमकं काय लिहावं? (वाचक, उदगीर)

मण्यावर शाई किंवा चिकटपट्टी नको. प्रत्येक मण्याला छोटी पिशवी आणि तिच्यात क्रमांकाची चिठ्ठी. वहीत क्रमांक, द्रव्य, घडवण्याची रीत, रंग दिवसाच्या उजेडातला आणि पाठीमागून प्रकाश देऊन दिसणारा, लांबी, व्यास, वेजाचा व्यास दोन्ही तोंडांशी, वजन, झीज कुठे आहे, कुणाकडून, कधी, कितीला. लांबी नेहमी वेजाच्या दिशेने मोजायची. चपट्या मण्यात ‘लांबी’ ही सगळ्यांत छोटी बाजू ठरते आणि नवखे तिथे चुकतात.

आकारासाठी होरेस बेक यांनी १९२८ साली घालून दिलेली पद्धत आजही चालते. लांबीला व्यासाने भागा. उत्तर एक तृतीयांशाहून कमी आलं तर चकती, त्यापुढे ०.९ पर्यंत आखूड, ०.९ ते १.१ प्रमाण, त्याहून जास्त तर लांब. लांबी ६ आणि व्यास ८ मिलिमीटर असेल तर ०.७५, म्हणजे आखूड.

विक्रेत्याचं म्हणणं आणि तुमचं निरीक्षण वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. ‘विक्रेता म्हणतो : पैठण’ आणि ‘पैठण’ या दोन नोंदींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वारसांच्या हाती वही जाईल तेव्हा त्यांना तुम्हाला विचारता येणार नाही.

प्रश्न : खात्रीचे जुने मणी जवळपास कुठे बघायला मिळतील? (विद्यार्थी, अंबाजोगाई)

तेरचं रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालय आधी बघा. परिसरातून जमवलेल्या वस्तूंतून ते उभं राहिलं आहे. मग पैठणचं बाळासाहेब पाटील शासकीय संग्रहालय. भिंग बरोबर न्या, काचेबाहेरूनही वेजाची तोंडं दिसतात. खिशात खंभातचा एक नवा अकीकमणी ठेवा आणि तिथल्या मण्यांशी ताडून बघा. चकाकी, कडा आणि वेजाची झीज यांतला फरक तिथे तासाभरात डोळ्यांत बसतो.